‘मान वर आली म्हणून चेंडू टॉप झाला’, हे निदानच चुकीचं आहे

कोल्हापुरात गोल्फ शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरतोय: चेंडू टॉप होतो तो मान वर आल्यामुळे, तेव्हा फटका बसल्यावरही डोकं खालीच ठेवा, डावा हात काठीसारखा ताठ ठेवा आणि चेंडू खालून उचला. नवख्या माणसाने हे तिन्ही मनावर घेतलं तर त्याचा स्विंग, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) फिरवण्याची हालचाल, हमखास बिघडतो. (पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी.)

आधी मान. टॉप म्हणजे क्लबची खालची कड चेंडूच्या मध्याच्या वर लागणं. चेंडूचा व्यास 42.67 मिलिमीटर, म्हणजे क्लब दोन सेंटिमीटर वरून आला तरी फटका वाया गेला. तो वर का येतो? वजन उजव्या पायावरच राहिलं की स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो आणि क्लब चेंडूपाशी चढत येतो. कंबर चेंडूकडे ढकलली गेली की छाती उठते, आणि तिच्याबरोबर डोकंही. म्हणजे मान वर येणं हा परिणाम आहे, कारण नव्हे. ती जबरदस्तीने दाबून धरली तर उजवा खांदा हनुवटीला अडतो, धड फिरायचं थांबतं, डावं कोपर बाहेर फाकतं आणि मानेवर ताण येतो तो वेगळाच. स्वीडनची गोल्फपटू अनिका सोरेनस्टम हिचं डोकं तर क्लब चेंडूला लागायच्या आधीच पुढे वळू लागायचं. तिने 10 मेजर (सर्वांत मानाच्या) स्पर्धा जिंकल्या आणि 2001 मध्ये एका फेरीत 59 फटक्यांचा स्कोअर केला.

डावा हात लांब हवा, ताठ नको. ताठरपणा मनगटात उतरतो आणि क्लबचा वेग मरतो. तालमीत कमावलेल्या खांद्यांच्या पोरांनी तर ग्रिपची पकड मुद्दाम सैल करावी.

चेंडू उचलायचं काम क्लबच्या तिरक्या तोंडाचं आहे, तुमचं नाही. सात नंबरच्या आयर्नचा (धातूच्या पात्याच्या क्लबचा) लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा तिरकेपणा, साधारण तीस अंशांचा असतो, तेवढा पुरेसा आहे. आयर्नने आधी चेंडू, मग माती. टीवरच्या (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीवरच्या) ड्रायव्हरचं, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबचं, मात्र उलट: तिथे क्लब किंचित चढताना लागलेला चालतो.

आता दुरुस्ती. मैदान आखायची फक्की घ्या आणि लक्ष्याच्या दिशेला काटकोनात एक रेघ मारा. रेघ दोन्ही पायांच्या मध्यापासून किंचित डावीकडे येईल असं उभं राहा. चेंडू न ठेवता सात नंबरने अर्धे स्विंग घ्या आणि माती कुठे उडते ते बघा. ओरखडा रेघेवर किंवा रेघेपुढे चार-पाच सेंटिमीटरांत सुरू व्हायला हवा. मागे पडत असेल तर सुरुवातीलाच निम्म्याहून थोडं जास्त वजन डाव्या पायावर घ्या. शेवटी पट्ट्याचं बक्कल लक्ष्याकडे, उजवी टाच वर, आणि डाव्या पायावर तीन सेकंद स्थिर. ओरखडा सलग जागेवर पडू लागला की मगच रेघेवर चेंडू ठेवा.

रबरी मॅटवर सराव करणाऱ्यांनी विशेष जपावं. मागे लागलेला क्लब मॅटवरून घसरून चेंडूपर्यंत पोचतो आणि फटका बरा वाटतो. चेंडूमागे वीतभर अंतरावर घडी घातलेला पंचा ठेवा; क्लब त्याला लागला की चूक तिथेच कळते. एप्रिल-मे महिन्यांत मैदान टणक झालं की ओरखड्याचा सराव सैल, चाळलेल्या मातीच्या पट्ट्यावरच करा, नाहीतर मनगट दुखावतं.