मास्तरांनी सांबर खाल्ले

मंगळवारपासून गावात मला कोणी सरळ 'रामराम' करत नाही. आधी मागेपुढे पाहतात, मग आवाज खाली आणून विचारतात, "मास्तर, आमचा वाटा ठेवला का नाई?" अडतीस वर्षे मी या गावाच्या मुलांना शुद्धलेखन शिकवले, त्याच गावात एका कान्यामुळे माझी अब्रू जावी, हे मला अजून पचलेले नाही.

रक्तातली साखर वाढली, तेव्हा डॉक्टरांनी आठवडाभर जे जे खाल ते लिहून आणा, असे सांगितले. पुण्यात संगणकाची नोकरी करणाऱ्या भाच्याने वही बाजूला सारली आणि माझ्या फोनात एक एआय एजंट, म्हणजे सांगितलेले ऐकून आपणहून काम करणारा संगणकी मदतनीस, बसवून दिला. त्याच्या सांगण्याप्रमाणे एजंटाला आकडे तोंडपाठ नसतात, आणि त्याने ते मनाने ठोकून देऊ नयेत म्हणून त्याला एक साधन जोडलेले असते. ही जोडणी ज्या पद्धतीने होते तिचे नाव मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. अँथ्रॉपिक या कंपनीने ती नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वांसाठी खुली केली. एजंट पदार्थाचे नाव साधनाला देतो, साधन अमेरिकी कृषी खात्याच्या फूडडेटा सेंट्रल या कोठारातून जुळणाऱ्या नोंदी काढून आणते, आणि त्यांतली योग्य ती नोंद एजंट निवडतो. ही 'योग्य ती' कोण ठरवणार, एवढे मात्र मी भाच्याला विचारायचे राहून गेले.

घरात नेटवर्क येत नसल्यामुळे हा सगळा जमाखर्च मला ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, निंबाखाली बसून, दहा माणसांच्या देखत करावा लागतो. त्या दहांपैकी नऊ जण आपापल्या तंबाखूत दंग असतात. दहावे आप्पाजी.

"काय सांगून रायले जी मास्तर त्याले?"

"काल काय खाल्ले ते सांगतो आहे. तो हिशेब करतो."

"त्याले कायले सांगता? वहिनीले इचारा नं. वाढलं तं तिनं."

या युक्तिवादाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही. मी फोनला सांगितले, "बेसन, अडीचशे ग्रॅम, आणि ज्वारीची एक भाकर." पश्चिम महाराष्ट्रात ज्याला पिठले म्हणतात त्याला आपल्याकडे विदर्भात बेसनच म्हणतात, हे साधनाला कोणी सांगितले नव्हते. त्याने हरभऱ्याचे कोरडे पीठ शोधले, दर 100 ग्रॅमला 387 किलोकॅलरी हा त्याचा आकडा आणला, आणि एजंटाने नुसत्या बेसनाचे जवळपास 970 माझ्या नावे मांडले.

"पावभर बेसन कोरडंच फाकलं काय जी तुमी?" आप्पाजींनी चष्मा कपाळावर चढवला. "त्याले सांगा, वाटीभर बेसनात चार वाट्या पानी जाते. थो पानी मोजतच नाई. असा कसा हिशेब? आमच्या सोसायटीच्या सचिवासारखा!"

तेव्हाच उठून घरी गेलो असतो तर बरे झाले असते. पण मला सांबारवडी सांगायची होती. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. ती बारीक चिरून, त्यात खसखस, खोबरे आणि तिखट घालून, बेसन-कणकेच्या पारीत गुंडाळून तळलेली वडी ज्याने खाल्ली नाही त्याच्याशी मला पुढे काही बोलायचे नाही. "सांबारवडी, दोनशे ग्रॅम," मी सांगितले. साधनाला असे काही सापडले नाही. मनुष्य असता तर 'सापडले नाही' म्हणून गप्प बसला असता. पण एजंट कष्टाळू, एक शब्द चालला नाही की तो दुसरा लावून पाहतो. त्याने सांबारचे सांबर केले, सांबरचे हरीण केले, आणि स्वच्छ, मोठ्या, रेडिओवरच्या बातम्यांसारख्या आवाजात ओट्याला ऐकवले: "सर्वांत जवळची नोंद आढळली आहे. हरणाचे मांस, कच्चे. 200 ग्रॅममध्ये 240 किलोकॅलरी व 46 ग्रॅम प्रथिने. आपल्या आहारात नोंद केली आहे."

तंबाखू मळणारे नऊही हात थांबले.

"कच्चंच?" आप्पाजी म्हणाले.

मी खुलासा करू लागलो, तर ते अधिकच आपुलकीने जवळ सरकले. "सरपन नोतं तं सांगाचं होतं, मास्तर. दोन फाटे पाठवले असते." 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे सांबराची शिकार हा गुन्हा आहे, आणि आमच्या गावाच्या कडेलाच जंगल लागते, त्यामुळे संध्याकाळी सायकल थांबवून वनरक्षकाने "काय मास्तर, बेत जोरात होता म्हन्ते" असे हसत हसत विचारले, तेव्हा त्यातले हसणे किती आणि विचारणे किती, याचा मी रात्रभर विचार केला.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर कोणी यायच्या आत मी एजंटाला 'कोथिंबीर' असे प्रमाण मराठीत सांगितले. त्याने क्षमा मागितली आणि दर 100 ग्रॅमला 23 किलोकॅलरी सांगितल्या, म्हणजे तळणीचे तेल त्याच्या लेखी हवेत उडून गेले. वास्तविक एका ग्रॅम तेलामागे 9 किलोकॅलरी धरतात, आणि आमच्या घरची वडी तेलाच्या बाबतीत संकोच करत नाही.

हसून सोडून देईन म्हटले, तर राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या अमेरिकी कोठारात पिझ्झ्याच्या कितीतरी नोंदी आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये 528 भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते छापले, देशभरातून नमुने गोळा करून; मोठे काम आहे, ज्वारीचे धान्यही त्यात आहे, 100 ग्रॅमला सुमारे 334 किलोकॅलरी. पण ते तक्ते मुख्यतः कच्च्या मालाचे. ती ज्वारी दळून, थापून, चुलीवर भाजून ताटात पडली की तिचे पुढे काय झाले, ते आम्हीच आपले मोजावे. भाच्याचे साधन तर हैदराबादपर्यंतही जात नाही; वरूडच्या संत्र्याचे विचारले तरी ते अमेरिकेला जाऊन येते.

ती हरणाची नोंद पुसून टाक म्हणून मी भाच्याला चार वेळा फोन केला. तो म्हणतो, नोंद पुसण्याची परवानगी आपण एजंटाला दिलेलीच नाही, तो फक्त लिहू शकतो. दिवाळीला येईन तेव्हा पाहतो. डॉक्टरांकडे सोमवारी जायचे आहे.

आज सकाळी ओट्यावर बसताच फोनने आठवड्याचा गोषवारा आपणहून वाचून दाखवला: मंगळवारी प्रथिनांचे प्रमाण उत्तम होते, त्या दिवसाचा आहार पुन्हा घेण्यास हरकत नाही.

आप्पाजींनी नुसते जंगलाकडे पाहिले.