‘पीस खराब आहे, बदलून द्या’: दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार. सोनीचा गेम कन्सोल पीएस-फाइव्ह स्लिम घेऊन आठवडा झाला आणि तुम्ही चार तक्रारी लिहिल्या आहेत: १ टीबी सांगून ८४८ जीबीच मिळाली, ४के १२० हर्ट्‌झ (सेकंदाला १२० वेळा बदलणारं चित्र) येत नाही, बाहेरून आणलेली एसएसडी (जागा वाढवणारा ड्राइव्ह) ओळखत नाही, आणि डिस्क घालूनही गेम डाउनलोड मागतो. तुम्हाला दिसतंय ते खरं आहे, पण यातली एकही गोष्ट पीस खराब असल्याची खूण नाही. बदलून दिलेल्या पीसवरही हेच होईल, म्हणून आधी पुढचं करून बघा.

जागेचं चटकन सांगतो. ड्राइव्ह १ टीबीचाच आहे. सिस्टिमसाठी राखलेला भाग वजा जाऊन गेमसाठी साधारण ८४८ जीबी उरते. १ टीबीच्या स्लिमवर साधारण हाच आकडा दिसतो.

१२० हर्ट्‌झला मात्र वेळ द्या, गडबड बहुतेक वेळा टीव्हीच्या मागे असते. चार एचडीएमआय पोर्ट असले तरी २.१ चे (४के १२० चालवणाऱ्या आवृत्तीचे) बऱ्याचदा एक-दोनच असतात, आणि पुष्कळ टीव्हींत साउंडबारकडे आवाज नेणारा ईआर्क पोर्टही त्यातलाच असतो. कन्सोल साउंडबारमधून नेला असेल तर तो बारही २.१ चा हवा, नाहीतर ४के ६० वरच अडकतं. बॉक्समधलीच केबल लावा. सेट-टॉप बॉक्सची जुनी केबल ६० ला व्यवस्थित चालते, म्हणून तिच्यावर संशय जात नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टचा इनपुट सिग्नल ‘एन्हान्स्ड’ करा, बरेच टीव्ही ‘स्टँडर्ड’वर ठेवलेले येतात. मग कन्सोलवर सेटिंग्ज, स्क्रीन अँड व्हिडिओ, व्हिडिओ आउटपुट इथे १२० हर्ट्‌झ आउटपुट ‘ऑटोमॅटिक’ करा. तिथेच व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन उघडा, तुमचा टीव्ही काय घेतो ते समजेल. शेवटी गेम प्रीसेट्समध्ये ‘परफॉर्मन्स मोड’ निवडा. एवढं करूनही १२० फक्त तो सपोर्ट असलेल्या गेममध्येच दिसेल. होम स्क्रीन बघून निष्कर्ष काढू नका.

एसएसडीच्या फोटोत कनेक्टरला दोन खाचा दिसतायत. अशी एम.२ (पट्टीसारखी एसएसडी) बहुतेक वेळा साटा, म्हणजे जुन्या, हळू जोडणीची असते. स्लॉटमध्ये ती बसते, पण कन्सोल तिला ओळखणार नाही. हवी ती एनव्हीएमई (वेगवान प्रकारची), पीसीआयई जेन ४ (जोडणीची चौथी पिढी), एका खाचेची, वाचनाचा वेग ५,५०० एमबी प्रति सेकंद किंवा जास्त. जेन ३ स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, तीही चालत नाही. हीटसिंक (ड्राइव्ह गार ठेवणारी धातूची पट्टी) हवंच, पण हीटसिंकसकट एकूण जाडी ११.२५ मिमीच्या आत हवी (बोर्डच्या वर ८, खाली २.४५), उंच हीटसिंकवर स्लॉटचं झाकण बसत नाही. बसवताना कन्सोल रेस्ट मोडमध्ये (अर्धवट झोपेत) नको, पूर्ण बंद करून वायर काढा आणि गार होऊ द्या. स्लॉटमधला छोटा स्पेसर तुमच्या ड्राइव्हच्या लांबीच्या खुणेवर (२२८०, म्हणजे ८० मिमी लांब असेल तर ८०) सरकवा. स्क्रू हाताने बसेल इतकाच आवळा. सुरू केल्यावर कन्सोल स्वतःच फॉरमॅट विचारेल. यूएसबी हार्ड डिस्कचा विचार असेल तर तिच्यावर पीएस-फोरचे गेम चालतात, पीएस-फाइव्हचे फक्त ठेवता येतात.

डिस्कवर गेमची छापली गेली तेव्हाची आवृत्ती असते, पुढचे अपडेट नेटवरूनच येतात. वायफायऐवजी लॅन केबल लावा आणि रात्री रेस्ट मोडमध्ये डाउनलोड होऊ द्या. तुमच्याकडे वीज जात असेल तर कन्सोल यूपीएसवर घ्या, अपडेट चालू असताना लाइट गेली की डेटा बिघडू शकतो. तसं झालं तर कन्सोल पूर्ण बंद असताना पॉवर बटण दुसरा बीप येईपर्यंत, सुमारे ७ सेकंद, दाबून सेफ मोडमध्ये (दुरुस्तीच्या मेनूत) जा, कंट्रोलर यूएसबीने जोडा आणि डेटाबेस (कन्सोलमधल्या गोष्टींची यादी) रीबिल्ड करा. यात तुमचे सेव्ह जात नाहीत.

इतकं करूनही १२० आलं नाही, तर बिल, कन्सोल आणि बॉक्समधली केबल घेऊन दुकानात या. आमच्या २.१ च्या टीव्हीवर तुमच्यासमोर लावून बघू. तिथेही नाही आलं तर दोष कन्सोलचा किंवा केबलचा ठरेल आणि एक वर्षाच्या वॉरंटीतला क्लेम आम्हीच नोंदवू.