वारंच तसं होतं म्हणे

"वारंच तसं होतं, अक्का."

झालं. त्याच्या लेखी एवढ्यावर विषय मिटला. माझ्या स्वयंपाकघराचा कोपरा उघडा पडलाय, पत्र्याची कड दोरीवरल्या टॉवेलागत फडफडतेय, ज्वारीच्या पिठात पाणी, शेंगदाण्याच्या डब्यात पाणी, शेगडीच्या बर्नरात पाणी. आणि अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर नारळ फोडून हे छप्पर घालणारा माणूस मला फोनवर सांगतो की वारंच तसं होतं.

कसं होतं रे वारं? सोलापुरात मे महिन्यात दुपारी ४३-४४ अंश तापतं, चारच्या सुमाराला एका बाजूनं आभाळ काळं होतं, धुळीचा लोट येतो, लाइट जाते आणि वळीव धाडकन कोसळतो. अर्ध्या तासात सगळं उलथंपालथं करून पुन्हा ऊन. माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंना हे ठाऊक होतं. साखर पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. छपरं घालून पोट भरणाऱ्याला मात्र आत्ता पहिल्यांदा कळलं की मे महिन्यात वारं सुटतं! आणि हे 'अक्का' कुठनं आलं? कोटेशन देताना मी मॅडम होते. ॲडव्हान्स घेताना ताई. गळायला लागल्यावर अक्का. अजून दोन पाऊस झाले की आई म्हणून पाया पडेल, पण स्क्रू मारायला येणार नाही.

छप्पर उचकटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे हे शिडी लावून वर गेले. खालनं मी विचारलं, "कडेला स्क्रू किती आहेत बघा." वरनं उत्तर आलं, "आहेत की." शेवटी मीच पदर खोचून चढले. शेजारच्या गच्चीवरनं दोघी-तिघी टकामका बघत होत्या, बघू देत. आणि वर काय दिसावं? मधोमध, जिथं बघणाऱ्याची नजर जाते तिथं, स्क्रूची रांग एकदम सरळ, फोटो काढून स्टेटसला ठेवावी अशी. कडेला आणि कोपऱ्यात, जिथं वारं पत्र्याखाली शिरतं, तिथं पत्र्याच्या नागमोडीचे दोन-तीन उंचवटे सोडून एखादा. एके ठिकाणी नुसतंच भोक आहे. भोक पाडलंय, स्क्रू मारलेलाच नाही. चहा आला असेल तेवढ्यात. तो चहापण मीच दिलेला.

अहो, वारं छपराला खाली दाबत नाही, वर ओढतं. आणि सगळ्यात जोरात ओढतं ते कडेला आणि कोपऱ्याला. तिथंच स्क्रू दाट पाहिजेत. हे मला कळतंय, बी.ए. मराठी झालेल्या बाईला! ह्या गड्यानं तिथं देवावर भरवसा ठेवलाय.

बरं, जे मारलेत त्यांतले निम्मे इतके आवळलेत की रबराचा वॉशर चिरून बाहेर आलाय, आणि उरलेले बोटानं फिरतात. पत्रा दिवसा तापतो, रात्री निवतो. सोळा फुटी लोखंडी पत्रा ५० अंशांच्या फरकानं जवळजवळ ३ मिलिमीटर लांबतो आणि पुन्हा आखडतो. संध्याकाळी डोक्यावर टक टक वाजतं ते काय पालीमुळं नाही. अशा रोज हलणाऱ्या पत्र्यावर तो चिरका वॉशर पाणी अडवणार होय?

ह्यावर साहेबांकडं उपाय आहे. "सिलिकॉन मारून देतो."

सिलिकॉन! ह्या गावात काहीही गळो, फुटो, निखळो, एकच औषध. पन्हळ उलट्या उतारावर बसवली, सिलिकॉन. भिंत आणि पत्रा यांच्यात हात जाईल एवढी फट राहिली, सिलिकॉन. फट बुजवायला पत्र्याची पट्टी वाकवून भिंतीत खाचावी लागते, पण त्याला वेळ लागतो, अक्कल लागते. सिलिकॉनला नुसती पिचकारी लागते. एका उन्हाळ्यात ते वाळून सालपटं निघाली की पुन्हा नवी पिचकारी. आणि जो पत्रा उचकटून आभाळात उभा आहे त्याला काय सिलिकॉन लावणार आहेस तू?

हे बोलले तर म्हणतो, "निसर्गापुढं कुणाचं चालतंय का, अक्का?"

निसर्गाचं नाव निघालं आणि तेवढ्यात आमच्या दापोलीच्या भावजींचा फोन. नणंदेचे यजमान. पत्र्याचा फोटो ह्यांनी फॅमिली ग्रुपवर टाकला होता, टाकणारच. भावजींची गाडी नेहमी एकाच स्टेशनावरनं सुटते. "वहिनी, आम्ही निसर्ग बघितलंय." ३ जून २०२० ला ते चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि दापोली-मंडणगडलाही झोडपून गेलं, हे मला आता तोंडपाठ आहे. कौलं कशी उडाली, नारळी-पोफळी कशा आडव्या झाल्या, पत्र्यांसाठी कशी रांग लागली, मग पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते कसं आलं. सोसलंय माणसांनी, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्यातनं सल्ला कुठला? "वहिनी, साधा जीआय, म्हणजे नुसता जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, घेऊ नका, खाऱ्या हवेनं गंजतो. ॲल्युमिनियम-झिंकचा घ्या. स्क्रू स्टेनलेसचे घ्या." अहो भावजी, आमच्या नळाला उजनीचं गोडं पाणी रोज येईना, मी खारी हवा कुठनं आणू?

मी हूं हूं करत होते. तर फोन ठेवता ठेवता हा माणूस विचारतो, "पण पत्र्याखालचे पाइप भिंतीत कशानं धरलेत?"

गेले, बघितलं. कशानंच नाही. भिंतीवर पाइप ठेवलाय, दोन्ही बाजूंना विटेचा तुकडा, वर सिमेंटचा गोळा. ना नटबोल्ट, ना भिंतीत गाडलेली सळई. म्हणजे मी स्क्रूवरनं भांडत बसले आणि इथं पाइपासकट अख्खं छप्पर उचलून विजापूर रोडला जायला मोकळं आहे. कोकणातली माणसं भिंतीच्या आत सळई गाडतात, वरनं पट्टीनं पाइप बांधतात, तेव्हा कुठं पत्र्याचा विचार करतात. भावजी बरोबर बोलले की माझं डोकं डबल फिरतं.

आता निघालंच आहे तर सगळंच काढते.

जुने सिमेंटचे पत्रे उतरवले तो दिवस. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, ते फोडायचं नसतं, ओलं करून अख्खं उतरवायचं असतं, तोंडाला मास्क लावायचा असतो. ह्याच्या पोरांनी वर बसून हातोड्यानं फोडले आणि तुकडे खाली फेकले. एकाच्या तोंडाला रुमाल नाही. धूळ गल्लीभर. समोरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर पांढरा थर, आणि त्या मला बोलल्या, त्याला नाही. तुकडे न्यायला भंगारवाला येईना, ते अजून परसात ढीग लावून बसलेत. "घेऊन जातो" हेपण सांगितलं होतं त्यानं, हो.

मग पत्र्याची जाडी. गेजमध्ये आकडा वाढला की पत्रा पातळ, २४ पेक्षा २६ बारीक, हे गिऱ्हाइकाला सांगायचंच नाही असा ह्यांचा धंद्याचा नियम असावा. मी मिलिमीटरमध्ये बोलले. ०.५० ठरला. भाचा अक्कलकोट रोडला एमआयडीसीत कामाला आहे, त्यानं मायक्रोमीटर लावला. रंगासकट ०.४२. छपरवाल्याला विचारलं तर म्हणतो, "कंपनीतनंच तसा येतो." वारं तसं, कंपनी तशी, ह्या माणसाच्या हातात काही असतं का कधी? आणि साडेतीन फुटी पत्रा शेजारच्या पत्र्यावर चढणारा लॅप जाऊन सव्वातीन फूटच झाकतो, ते माप पैसे घेताना साडेतीनचं. पक्कं बिल मागितलं तर, "मग १८ टक्के जादा पडतील." पडू देत की! नाही म्हणजे नाहीच दिलं.

रंगाचं तर बोलायलाच नको. मी पांढरा सांगत होते, निदान ऊन परतवतो. आला विटकरी. का? "पांढरा मळतो." छपराच्या डोक्यावरचा मळ बघायला कोण येणार आहे, घारी? ह्या विटकरी पत्र्याखाली दुपारी बारा ते चार भाकरी थापणाऱ्या बाईला विचारा. पंखा लावला तर गॅस विझतो, बंद केला तर मी. आता म्हणतोय, आतनं पीव्हीसीचं सीलिंग करा, त्याच्या मेहुण्याचं आहे.

आणि ते स्लॅबवाले. "स्लॅब टाकून घ्या की एकदाचा." जसं काही मी स्लॅब फ्रिजमध्ये ठेवलाय आणि टाकायचा आळस करतेय. ह्या भिंती दगड-मातीच्या आहेत, स्लॅबचं ओझं त्या पेलणार नाहीत. कॉलम उभे करायचे तर अख्खं घर पाडावं लागेल. आणि तुमचा स्लॅब रात्री बारापर्यंत आग ओकतो म्हणून तुम्ही गच्चीवर अंथरुणं टाकता, टाकीतलं पाणी शिंपडता आणि दोन दिवसांनी माझ्याकडं घागर घेऊन येता, ते मी बोलते का? बोलत नाही. आता बोलले.

सासूबाईंनी ह्या सगळ्यात एकच वाक्य टाकलं. "मातीचं माळवद होतं तेव्हा असं नव्हतं." हो, नव्हतं. गार असायचं, कबूल. पण मृगाच्या आधी वर चढून गवत कोण उपटायचं? पांढऱ्या मातीच्या पाट्या डोक्यावरनं कोण न्यायचं? नवी सून. तुळयांना वाळवी, वरच्या किलचनाच्या लाकडांतनं खाली पडणारे विंचू आणि झड लागली की खाली पातेली मांडायची ती मांडायचीच. फक्त तेव्हा शिव्या द्यायला कुणाचा मोबाइल नंबर नव्हता.

ह्या सगळ्यानं माझं काय झालंय ते सांगते. परवा पुतणीच्या हळदीला गेले होते. मंगल कार्यालयाचा हॉल पत्र्याचा. फोटो आलेत, प्रत्येकात सगळ्याजणी कॅमेऱ्याकडं बघून हसताहेत आणि मी मान वर करून छपराच्या लोखंडी कैच्या बघतेय. एका फोटोत माझं बोट वर आहे, स्क्रू मोजताना. नवरीच्या मावशीनं जाऊबाईंना हळूच विचारलं म्हणे, ह्यांना मानेचा त्रास आहे का. रिक्षात बसले तरी नजर बाहेर, कुणाच्या पत्र्यावर टायर, कुणाच्या दगड, कुणाच्या मोडकी सायकल. आधी हसायचे मी त्या टायरवाल्यांना. काल रात्री अकराला, टॉर्च तोंडात धरून, माझ्याच घराच्या नव्या कोऱ्या विटकरी छपरावर मी सासऱ्यांचा लोखंडी पाटा ठेवून आले. शेजारी अजून बाजेचा एक पाय आहे. छान दिसतं, स्टेटसला ठेवायला हरकत नाही.

तरी राग जात नाही. कारण फोन केला की त्याचं ठरलेलं. "येलालोय अक्का, सात रस्त्यावर आहे." सकाळी सात रस्त्यावर. दुपारी सात रस्त्यावर. वळीव कोसळत होता तेव्हाही सात रस्त्यावरच. ह्या माणसाला त्या चौकातनं बाहेर पडायचा आठवा रस्ता सापडेना झालाय. एवढी वर्षं तिथं उभा आहे तर एखादी भजीची गाडी टाकली असती, ती तरी गळली नसती.

मी यादी करून ठेवलीय. पाइप भिंतीत सळई घालून धरायचे, तेपण माझ्यासमोर. कडेला आणि कोपऱ्यात प्रत्येक उंचवट्याला स्क्रू. चिरलेले वॉशर सगळे बदलायचे. पन्हळ काढून सरळ उतारावर. परसातला सिमेंटचा ढीग उचलायचा. सिलिकॉनची पिचकारी घेऊन आला तर फाटकातनंच परत. ह्यांचं म्हणणं, एवढं सगळं एकदम सांगू नको, तो येणारच नाही मग. हे कुणाच्या बाजूनं आहेत ते मला लग्नानंतर एवढ्या वर्षांतही कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र आहे. शेवटच्या हप्त्याचे पंधरा हजार अजून माझ्याकडं आहेत. ह्यांच्याकडं नाहीत, माझ्याकडं. आज दुपारी त्याचा स्वतःहून फोन आला. आवाजात साखर. "अक्का, तेवढं बॅलन्सचं गूगल पे करताय का? पोरांचा पगार अडकलाय."

म्हटलं, करते की. निघालेच आहे, सात रस्त्यावर आहे.