मायलेजचा आकडा नीट बघा

युरोपात मिळणाऱ्या छोट्या डिझेल गाड्या अमेरिकेत मागवायला सरकारने मोकळीक द्यावी, असं एका लेखात वाचलं. इच्छा समजू शकतो, पण 'ब्रिटनमध्ये गॅलनला ६० मैल' हा त्यातला दाखला जरा फसवा आहे. ब्रिटिश गॅलन ४.५४ लिटरचा, अमेरिकन ३.७८ चा. म्हणजे तीच गाडी अमेरिकेत ५० दाखवणार. त्यात डिझेलच्या लिटरमध्ये मुळातच पेट्रोलपेक्षा जास्त ऊर्जा असते, ते वेगळंच.

राहिला प्रश्न कायद्याचा. २५ वर्षं जुन्या गाडीला अमेरिकेच्या सुरक्षा नियमांतून सूट आहे; धुराच्या नियमांतून २१ वर्षांनंतर, तेही इंजिन मूळचंच असेल तर. कॅलिफोर्नियाचं आणखी निराळं. त्या हिशेबाने १९९९ ची फोक्सवॅगन लुपो ३एल आता आणता येते. काय गाडी होती! तीन सिलिंडरचं १.२ लिटर इंजिन, ॲल्युमिनियमची दारं, सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन, आणि १०० किलोमीटरला ३ लिटर डिझेल. पण क्लच-गिअर चालवणारी हायड्रॉलिक यंत्रणा रुसली की जवळच्या मेकॅनिकने हात वर केलेच म्हणून समजा. सुटा भाग युरोपातून येईपर्यंत गाडी दारात उभी. इंधनात वाचवलेलं तिथेच गेलं.

नवीन गाड्यांना मोकळीक म्हणाल, तर २०१५ चं फोक्सवॅगन प्रकरण आठवा. त्यांच्या डिझेल गाड्या चाचणीत स्वच्छ, रस्त्यावर मात्र नायट्रोजन ऑक्साइडचे लोट. हौस म्हणून जुनी लुपो जरूर आणा, रोज ऑफिसला जायला मात्र हायब्रिडच बरी.