तरंगलं म्हणून बियाणं बोगस नसतं

पेरणी जवळ आली की साक्रीकडे एक संदेश मोबाइलवर फिरायला लागतो : “बाजरीचं बी साध्या पाण्यात टाका. तरंगलं ते बोगस, बुडालं ते हमखास उगवणार. मीठ घालू नका, मिठाने चांगलं बीसुद्धा वर येतं.” परवा शेजारचे काका बादली घेऊनच आले. “भाऊ, हाई बियानं बोगस शे!”

पाण्यावर दाण्यांचा थर होता खरा. काठीने नीट ढवळलं तर बारीक बुडबुडे सुटले आणि बहुतेक दाणे खाली गेले. कोरड्या दाण्याला हवा चिकटलेली असते, तीच त्याला वर धरून ठेवते. ढवळल्याशिवाय निकाल लावायचाच नाही.

मिठाचं तर पार उलटं सांगितलंय. वस्तू बुडणं-तरंगणं तिच्या एकटीवर ठरत नाही. तिने बाजूला सारलेल्या द्रवाचं जेवढं वजन, तेवढा जोर तिला वर ढकलतो. द्रव बदलला की निकाल बदलतो. काकांना बटाटा टाकून दाखवला : साध्या पाण्यात तळाला, 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ विरघळवल्यावर तोच वर. साधं पाणी लिटरला 1 किलो भरतं, हे द्रावण साधारण 1 किलो 120 ग्रॅम. भरीव बाजरी त्याहूनही घन, म्हणून ती मिठातही बुडते. वर येतात पोचट दाणे आणि अरगट या बुरशीच्या रोगाच्या काळपट गाठी, ज्या साध्या पाण्यात चांगल्या दाण्यांबरोबर तळाला लपू शकतात. म्हणून तर घरच्या बियाण्याला कृषी विद्यापीठं हेच 20 टक्के द्रावण सांगतात. वरचं काढून जाळायचं, गुरांपुढे मुळीच टाकायचं नाही. तळाचं दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं.

बुडालं ते उगवणार, हेही खोटं. जुन्या बियाण्यातला अंकुर मेला तरी दाणा भरीवच राहतो. 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, आठवड्याने मोजा; प्रमाणित बाजरीची उगवण किमान 75 टक्के हवी.

सगळ्यात वाईट वाटलं ते बादलीतलं पाणी गुलाबी झालेलं पाहून. पिशवीतल्या बियाण्याला लावलेलं औषध धुऊन गेलं होतं. विकतचं, औषध लावलेलं बी पाण्यात घालूच नका. उरलेली पिशवी आम्ही पावती आणि लेबलासकट कोरड्या जागी ठेवली. तिच्यातले 100 दाणे सध्या गोणपाटात आहेत.