वारस नोंद, सर्व्हर आणि पोच : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली आहे आणि चिडायचं कारणही त्यात आहे, म्हणून दोन ओळींत आभार मानून विषय मिटवत नाही. 'डिजिटल सातबारा ही अलीकडच्या काळातली राज्यातली सगळ्यात कामाची सुधारणा' या माझ्या वाक्यावर तुमचा राग आहे. तुमचे वडील गेले, वारस नोंदीचा अर्ज तुम्ही सज्जावर, म्हणजे तलाठ्याच्या कार्यालयात, हातात नेऊन दिला, आणि तेव्हापासून 'सर्व्हर डाऊन', 'सिस्टीम घेत नाही', 'वरून आलं नाही' एवढंच ऐकताय. पूर्वी भाऊसाहेब (म्हणजे तलाठी) समोर बसून फेर धरायचे, म्हणजे मालकीतल्या बदलाची नोंद घ्यायचे, आता कॉम्प्युटरच्या आड लपतात, असं तुम्ही म्हणता. आणि शेवटचा टोला : 'तुमचं डिजिटल पुण्यात बसून लिहायला ठीक आहे.'

पुण्याचा टोला पुण्यातल्या माणसाने मुकाट्याने घ्यायचा असतो. बाकीचं बघू.

उताऱ्याची नक्कल काढणं आणि उताऱ्यावर नोंद लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. मी कौतुक केलं ते पहिल्याचं, तुम्ही अडकलात ते दुसऱ्यात. पीककर्जासाठी सातबारा हवा म्हणून पूर्वी सज्जावर हेलपाटे घालावे लागत. भाऊसाहेबांकडे चार-पाच गावं, त्यामुळे ते आज कुठल्या गावात आहेत तिथून शोध सुरू व्हायचा. २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो आणि त्यासाठी कुणाची मर्जी लागत नाही. हा बदल कागद जाऊन पडदा आला म्हणून झालेला नाही. मध्ये एक माणूस होता, त्याच्या सहीची गरज संपली, म्हणून झाला.

नोंदीच्या बाबतीत तसं झालेलं नाही. तलाठ्याने (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) फेर धरायचा, हितसंबंधितांना हरकतीसाठी नोटीस काढायची, मंडळ अधिकाऱ्याने मंजूर करायचा. नोंदवहीऐवजी संगणक आला, पण उंबरे तेवढेच राहिले आणि प्रत्येक उंबऱ्यावर थांबवायची सोयही राहिली. २०२५ मध्ये सरकारला 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम काढावी लागली. आधी बुलढाणा जिल्ह्यात आणि मग राज्यभर, कशासाठी, तर मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची लावण्यासाठी. म्हणजे उतारा ऑनलाइन, डिजिटल सही झालेला, आणि मालक केव्हाच वारलेला. तुमच्या रागाला याहून मोठा सरकारी दुजोरा कुठला हवा?

पण यावरून 'जुनंच बरं होतं' इथे मी येणार नाही. जमीन महसूल संहितेचं, १९६६ चं, कलम १४९ वाचा. वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं, तोंडी कळवलं तरी चालतं, आणि तलाठ्याने लगेच लेखी पोच द्यायची. लगेच आणि लेखी. ही पोच हातात पडलेले किती शेतकरी तुमच्या माहितीत आहेत? समोर बसून फेर धरणारे भाऊसाहेब होते, नाही असं नाही. पण ते ज्याच्यासाठी समोर बसायचे तो बहुधा गावातला वजनदार असायचा. बाकीच्यांना 'ठेवून जा, बघतो'. किती अर्ज ठेवले गेले आणि किती बघितले गेले, याचा हिशेब त्या वहीत कुठे नव्हताच.

तुमच्याही बाबतीत नेमकं हेच झालंय. अर्ज हातात दिला, क्रमांक मिळाला नाही. म्हणजे तुमचा अर्ज अजून संगणकात शिरलेलाच नसावा, मग सर्व्हर चालू असो की बंद. तुम्ही ज्याला डिजिटल म्हणून शिव्या घालताय ते मला जुनंच 'ठेवून जा, बघतो' वाटतं.

शेजारच्या कर्नाटकाने 'भूमी' प्रकल्पात २००० च्या सुमारास एक साधी गोष्ट केली होती. फेरफाराचे अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निकाली काढायचे, मधला उचलून पुढे घेता येणार नाही, अशी व्यवस्थाच संगणकात बसवली. वशिल्याचा अर्ज वर सरकवायचा अधिकार गेला की निम्मी दुकानदारी बसते. आपल्याकडे दाखल्यांसारख्या सेवांना २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत, अपील आणि ५०० ते ५००० रुपये दंड लावला. तसं घड्याळ वारस नोंदीच्या प्रत्येक टप्प्यावर, अर्जदाराला दिसेल असं, टिकटिकायला हवं.

ई-पीक पाहणीबद्दलच्या, म्हणजे उताऱ्यावरच्या पिकाच्या नोंदीबद्दलच्या, तुमच्या तक्रारीशी मात्र माझं बरंचसं पटतं. पूर्वी कचेरीत बसून मागच्या वर्षीचं पीक पुढे ओढलं जायचं, आणि उसाच्या शेतात कागदावर ज्वारी उभी राहायची. २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः ॲपवर फोटो टाकायचा. हेतू चांगला, पण काम सरकारचं होतं ते शेतकऱ्याच्या अंगावर आलं. ज्या म्हातारीकडे साधा फोन आहे ती पुतण्याच्या मागे फिरते, आणि नोंद राहिली तर नुकसानभरपाई आणि हमीभावाच्या खरेदीला तीच अडचणीत येते. राहिलेल्यांसाठी सहायक नेमले जातात, पण म्हातारीला विचारून बघा, तिच्या बांधावर कोण आलं होतं.

'डिजिटल युगात नोटिशीला १५ दिवस कशाला?' हा प्रश्न मात्र मागे घ्या. त्याच १५ दिवसांत लग्न होऊन गेलेल्या बहिणीला कळू शकतं की भावांनी तिचं नाव गाळलंय. आणि आता 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर ती नोटीस तिला ठाण्यात बसूनही दिसते. ही वाट पाहणं कमी करू नये असंच मला वाटतं.

आता तुमचं काम. सज्जावरचा कागद विसरा. 'ई-हक्क' या नोंदींच्या ऑनलाइन अर्जाच्या सरकारी सोयीवर मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांचा तपशील जोडून नव्याने अर्ज करा, आणि अर्जाचा क्रमांक जपून ठेवा. स्वतः जमत नसेल तर सेवा केंद्रातून करा, पण पावतीशिवाय उठू नका. फेर धरला की फेरफार क्रमांक विचारा. नाही धरला, तर तहसीलदारांकडे अर्जाचा क्रमांक घालून लेखी तक्रार द्या, आणि त्या तक्रारीचीही पोच घ्या. वारसांत आईचं आणि बहिणींचं नाव घालायला विसरू नका.