कंबरेतली भूल आणि बाळंतिणीची कंबरदुखी

‘सिझेरियनच्या वेळी कंबरेत दिलेल्या इंजेक्शनमुळे बाईची कंबर आयुष्यभरासाठी धरते, ती सुई मज्जारज्जूत शिरते, म्हणून पूर्ण भूलच मागून घ्या, आणि इंजेक्शन घ्यावेच लागले तर चोवीस तास उशीशिवाय उताणे पडून राहा,’ असा संदेश दर काही महिन्यांनी नव्याने फिरू लागतो. त्यातली चारही विधाने तपासून पाहता येण्याजोगी आहेत.

पहिले विधान अगदीच हवेतून आलेले नाही. बर्मिंगहॅममधील संशोधकांनी १९९० साली ११,७०१ स्त्रियांनी टपालाने पाठवलेल्या उत्तरांवरून असे नोंदवले होते, की प्रसूतिवेदना शमवण्यासाठी एपिड्युरल (कंबरेतून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर दिली जाणारी भूल) घेतलेल्यांपैकी १८.९ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी १०.५ टक्के स्त्रियांना दीर्घकाळची कंबरदुखी लागली. परंतु ही उत्तरे प्रसूतीनंतर काही वर्षांनी केवळ आठवणीवरून दिलेली होती, आणि एपिड्युरल कोणाला मिळावे हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. ज्यांची प्रसूती लांबली वा अवघड झाली त्यांनाच ते अधिक दिले जाई, त्यामुळे दुखणे सुईचे की अवघड बाळंतपणाचे हे त्या आकड्यांवरून सांगता येत नव्हते. पुढे बॉस्टनमध्ये १९९४ साली प्रसूतीपासूनच स्त्रियांचा मागोवा घेतला, तेव्हा एक-दोन महिन्यांनी कंबर दुखणाऱ्यांचे प्रमाण एपिड्युरल घेतलेल्यांत ४४ टक्के आणि न घेतलेल्यांत ४५ टक्के निघाले. ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहाशेहून अधिक स्त्रियांची एपिड्युरल व पेथिडिन हे वेदनाशामक इंजेक्शन अशी यादृच्छिक विभागणी केली होती. सहा महिन्यांनंतर कंबरदुखी अनुक्रमे ५० व ४८ टक्क्यांना होती, म्हणजे नाव घेण्याजोगा फरक नव्हता.

येथे एक मर्यादा सांगायला हवी. हे अभ्यास एपिड्युरलचे आहेत, तर सिझेरियनसाठी बहुधा स्पायनल, म्हणजे आवरणाच्या आत मज्जाद्रवात सोडलेले इंजेक्शन, दिले जाते. तरीही एपिड्युरलची सुई कितीतरी जाड असते आणि तिच्यातून नळीही आत ठेवली जाते. तिच्याने जे घडत नाही ते अर्ध्या मिलिमीटरच्या सुईने घडते असे म्हणणाऱ्याने त्याचा पुरावा द्यायला हवा. टोचल्या जागी काही दिवस ठणका राहतो, हे मात्र खरे. मग समज इतका पक्का का? सिझेरियन झालेल्या जवळपास प्रत्येकीला हे इंजेक्शन मिळालेले असते आणि बाळंतपणानंतर कंबर तर निम्म्याजणींची दुखते, त्यामुळे घरात वा शेजारात तुलनेला इंजेक्शन न घेतलेली सिझेरियनची बाळंतीण सापडतच नाही. गरोदरपणात पुढे झुकलेला भार आणि नंतर वाकून पाजणे, उचलणे हे कोणी कारण म्हणून लक्षात ठेवत नाही. सुई लक्षात राहते.

मज्जारज्जूची भीती शरीररचनेनेच बरीचशी दूर होते. प्रौढ माणसात मज्जारज्जू साधारणपणे कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खालच्या फटीतून घातली जाते. धोका शून्य नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ अनेस्थेटिस्ट्सने २००९ साली मांडलेल्या देशव्यापी पाहणीत अशा ७,०७,४५५ भुलींमागे कायमच्या इजेचे प्रमाण, शंकास्पद प्रकरणे धरली तरी, लाखात ४.२ आणि वगळली तर २ होते. प्रसूतीच्या रुग्णांत ते याहूनही कमी होते.

‘पूर्ण भूलच मागा’ हा सल्ला या संदेशातला सर्वांत घातक भाग आहे. गरोदर स्त्रीच्या पोटातले अन्न-आम्ल फुफ्फुसात उतरण्याचा आणि श्वासनळीत नळी घालताना अडचण येण्याचा धोका नेहमीपेक्षा अधिक असतो. अमेरिकेतील नोंदींनुसार १९८५ ते १९९० या काळात सिझेरियनच्या वेळी पूर्ण भुलेमुळे मृत्यूचे प्रमाण कंबरेखालच्या भुलेच्या १६.७ पट होते. तातडीच्या, आधीच गंभीर रुग्णांना पूर्ण भूलच दिली जाते, हे लक्षात घेऊनच तो आकडा वाचावा. शिवाय १९९७ ते २००२ मध्ये तो १.७ पटीपर्यंत खाली आला. रक्त गोठण्यात दोष असेल, फार रक्तस्राव होत असेल किंवा वेळच नसेल, तर पूर्ण भूल योग्यच ठरते, पण तो निर्णय भूलतज्ज्ञाने रुग्णाला तपासून घ्यायचा असतो.

उशीचा सल्ला जुना आहे आणि त्यामागे एक खरा त्रास आहे. शल्यचिकित्सक ऑगस्ट बियर यांनी १८९८ साली जर्मनीतील कील येथे कंबरेतली ही भूल स्वतःवरच करवून पाहण्याचा प्रयत्न केला आणि नंतर त्यांना कित्येक दिवस डोकेदुखीने अंथरूण सोडवेना. मज्जारज्जूच्या आवरणाला सुईने पडलेल्या छिद्रातून आतला मज्जाद्रव झिरपल्याने ही डोकेदुखी होते, परंतु आडवे पडून राहिल्याने ती टळत नाही, असेच चाचण्यांतून दिसले आहे. फरक पडतो तो सुईच्या टोकाने. २०१८ साली एकत्र तपासलेल्या ११० चाचण्यांत डोकेदुखी धारदार टोकाच्या सुयांनी ११ टक्के, तर पेन्सिलीसारख्या टोकाच्या सुयांनी ४.२ टक्के रुग्णांना झाली. बसल्यावर वाढणारी आणि आडवे होताच उतरणारी डोकेदुखी असेल, तर ती अंगावर न काढता भूलतज्ज्ञाला कळवावी. औषधांनी ती न थांबल्यास रुग्णाचेच थोडे रक्त आवरणाबाहेरच्या एपिड्युरल जागेत सोडून छिद्र बुजवण्याचा उपाय करता येतो.